मालिकेचे अंदाज का फसतात आणि परीक्षण नीट कसं लिहायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही नागपूरच्या, रोज रात्री तीन मराठी मालिका बघता आणि त्यांवर लिहिता. वाचणारे म्हणतात की तुम्ही नुसती गोष्ट सांगता. शिवाय ‘पुढे काय होणार’ याचे तुमचे अंदाज बहुतेक वेळा चुकतात. काय बदलावं?

आधी अंदाजाचं बोलू, कारण तिथली चूक एकच आहे आणि ती सुधारता येते. तुम्ही पात्राच्या स्वभावावरून अंदाज बांधता. ‘ती इतकी हुशार आहे, तिला हे कळेलच.’ कादंबरीत हे चालतं. रोजची मालिका मात्र वेळापत्रकावर चालते. आठवड्याला सहा भाग, कधी रविवारी एक तासाचा महाएपिसोड, आणि कथा कधी संपणार हे लिहिणाऱ्यालाही आधी ठाऊक नसतं. त्यामुळे तिला कळेल का, यापेक्षा तिला आत्ता कळलं तर पुढचे दोन महिने काय दाखवणार, हा प्रश्न आधी विचारायचा.

रहस्याला मी कुलूप म्हणतो. चांगली चाललेली मालिका एक कुलूप उघडण्याआधी दुसरं लावून ठेवते. ‘ठरलं तर मग’ घ्या. सायली आणि अर्जुनचं काँट्रॅक्ट मॅरेज हे एक कुलूप, सायलीला वाढवणाऱ्या मधुभाऊंवरचा खुनाचा आरोप हे दुसरं, आणि सायलीच खरी तन्वी, म्हणजे किल्लेदारांची हरवलेली मुलगी आहे हे तिसरं, सगळ्यांत जड. अशा मालिकेत एका आठवड्यात दोन कुलुपं उघडतील असा अंदाज कोणी मांडला तर तो जवळजवळ नक्की चुकतो. तुमच्या तिन्ही मालिकांची अशी यादी एका कागदावर करा: कुठलं गुपित, ते कोणाकोणाला माहीत आहे, कोणाला कळलं तर परत लपवता येणार नाही. शेवटचा रकाना सगळ्यांत कामाचा. गुपित एखाद्या पाहुण्या पात्राला कळलं, म्हणजे जुन्या नर्सला किंवा गावाकडून आलेल्या काकांना, तर ते पात्र बोलण्याआधी गाडीखाली येणार, कोमात जाणार किंवा पैसे घेऊन गप्प बसणार. तेच गुपित नायकाच्या आईला कळलं तर समजा, आता लेखक खरंच पुढे सरकलेत.

गुपित फुटण्याची वेळ सणाशी बांधलेली असते. गणपती, मंगळागौर, दिवाळी, संक्रांतीचं हळदीकुंकू. याला भावनिक कारण आहेच, पण व्यावहारिक कारण जास्त मोठं आहे: त्या भागांसाठी सगळ्या कलाकारांच्या तारखा एकत्र घेतलेल्या असतात. एरवी एका दिवशी चार-पाच जणांचेच प्रसंग उरकले जातात. वाड्यातली दहा माणसं एका चौकटीत उभी राहणार ती आरतीला. मोठा गौप्यस्फोट सगळ्यांच्या चेहऱ्यांवर दाखवायचा असतो, म्हणून तो तिथेच होतो.

आता टीआरपीचं गणित, कारण ‘लोकांना आवडलं नाही, आता बदलतील’ हे वाक्य सगळेच लिहितात आणि वेळ चुकवतात. कोणती मालिका किती बघितली जाते हे मोजणारी बार्क ही संस्था २०१५ पासून आकडे देते. तिचा आठवडा शनिवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतो आणि त्या आठवड्याचे आकडे पुढच्या गुरुवारी येतात. समजा, नवा ट्रॅक सोमवारी १ तारखेला सुरू झाला. पहिला आठवडा ५ तारखेच्या शुक्रवारी संपला. ६ तारखेचा शनिवारचा भाग पुढच्या आठवड्यात मोजला जाणार, हे बहुतेक जण विसरतात. आकडे ११ तारखेला आले. तोवर पुढचे काही भाग शूट होऊन बँकेत, म्हणजे तयार भागांच्या साठ्यात, पडलेले असतात. नवी पटकथा, मग संवाद, मग चित्रीकरण, मग संकलन. म्हणजे पडद्यावर बदल दिसायला २२ तारीख उजाडते, बऱ्याचदा महिनाअखेर. नावडत्या ट्रॅकचा शेवट साधारण तीन आठवड्यांनी धरा. फार चुकणार नाही.

प्रोमो बघताना आवाज बंद करा. संवाद आणि पार्श्वसंगीत तुम्हाला हवं तिथे ढकलत नेतात. मग चित्र थांबवत थांबवत तीन गोष्टी बघा. पहिली साडी. दोन चौकटींत साडी, ब्लाउज आणि गजरा तोच असेल तर प्रसंग एकच आहे, मध्ये कितीही वेगळी चित्रं घातलेली असोत. दुसरी गळा. लग्नाच्या ट्रॅकमध्ये प्रोमो हमखास ‘थांबा!’ या शब्दावर तोडतात. अंतरपाट खाली गेलाय का? हार घातलेत का? मंगळसूत्र नवऱ्याच्या हातात आहे की नवरीच्या गळ्यात? त्याच प्रोमोत दुसऱ्या साडीतल्या चित्रात मंगळसूत्र दिसलं, तर ‘थांबा’ म्हणणाऱ्याचं कोणी ऐकलेलं नाही. तिसरी गोष्ट शेवटची पाटी. तिच्यावर तारीख आणि वेळ असेल तर प्रसंग त्या दिवशी येतो. ‘लवकरच’ असेल तर प्रसंग अजून लिहूनही झालेला नसेल, कारण मोठे प्रोमो वेगळे शूट करतात. प्रोमोतला धक्का भागात स्वप्न निघाला, अशा तक्रारी बहुतेक या ‘लवकरच’वाल्या प्रोमोंच्याच असतात.

दुसऱ्या भाषेतल्या मूळ मालिकेवरून अंदाज बांधणं हा रास्त मार्ग आहे, पण त्याला मर्यादा आहेत. ‘आई कुठे काय करते’ ही बंगाली ‘श्रीमोयी’वरून आली. ‘अनुपमा’चं मूळही तेच, तरी पुढे दोन्हींच्या वाटा इतक्या वेगळ्या झाल्या की एकीवरून दुसरीचं भाकीत करणं फोल ठरलं. ‘श्रीमोयी’ डिसेंबर २०२१ मध्ये संपली आणि ‘आई कुठे काय करते’मधली अरुंधतीची गोष्ट नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालली. म्हणजे जवळजवळ तीन वर्षं मूळ मालिकेचा आधारच नव्हता. मूळ मालिकेतून मुख्य वळणं घ्या: घटस्फोट होतो का, दुसरं लग्न होतं का, हरवलेली मुलगी कोण निघते. उपकथा घेऊ नका. आत्या, जाऊ, शेजारी हे सगळं इथे नव्याने लिहिलेलं असतं.

स्लॉट बदलला की ‘मालिका बंद होणार’ अशी ओरड लगेच सुरू होते. ‘आई कुठे काय करते’ मार्च २०२४ मध्ये संध्याकाळच्या साडेसातवरून दुपारी अडीचला गेली आणि त्यानंतरही आठ महिने चालली. तेव्हा स्लॉटबदलावरून दिशा सांगा, तारीख सांगू नका. कलाकार बदलला तर तेवढंही सांगू नका. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली शनाया आधी रसिका सुनील, मग ईशा केसकर, मग पुन्हा रसिका सुनील अशी झाली आणि शनाया तशीच राहिली. कलाकाराच्या इन्स्टाग्रामवरच्या सुट्टीच्या फोटोंवरून, तब्येतीवरून किंवा घरातल्या गोष्टींवरून कथेचा अंदाज बांधू नका. तो अंदाज टिकत नाही, आणि दुसऱ्याच्या घरात डोकावणं हे आपलं काम नव्हे. खलनायिका करणाऱ्या बाईंना टॅग करून शिव्या घालणाऱ्यांना तुमच्या पानावर अजिबात थारा देऊ नका.

अंदाज लिहिताना मुदत घाला आणि काय झालं तर तो चुकला असं मानायचं तेही लिहा. ‘काहीतरी मोठं घडणार’ हा अंदाज नव्हे. असा लिहा: ‘सुनेला पत्र सापडेल, पण गणपती विसर्जनाच्या भागाआधी ती ते नवऱ्याला दाखवणार नाही. कारण नवऱ्याला कळलं तर सासूचा ट्रॅक संपतो आणि दुसरं गुपित अजून पेरलेलं नाही. विसर्जनाआधी दाखवलं तर मी चुकले.’ महिनाअखेरीस स्वतःचे सगळे अंदाज एकत्र मांडून बरोबर-चूक लिहा. वाचकांचा विश्वास तिथून वाढतो.

आता परीक्षण. ‘नुसती गोष्ट सांगता’ ही तक्रार खरी असणार, कारण बहुतेकांचं असंच होतं. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती, शीर्षकगीत, ‘मागील भागात’ आणि ‘पुढील भागात’ वजा केलं की कथेला साधारण २० ते २२ मिनिटं उरतात. त्यात आज नवीन काय कळलं आणि कोणाचं नातं बदललं, एवढं दोन ओळींत लिहा. बस, गोष्ट संपली. बाकीची जागा कसं दाखवलं याला. एकाच वाक्यावर प्रत्येकाच्या चेहऱ्याची प्रतिक्रिया तीन-तीनदा आली असेल तर घड्याळ लावून सेकंद मोजा. ‘भाग ताणला’ म्हणण्यापेक्षा ‘एका थप्पडीनंतर दीड मिनिट कोणी बोललंच नाही’ हे जास्त पटतं.

अभिनयाबद्दल ‘छान केलंय’ लिहून थांबू नका. समजा, सून सासूपुढे चहा ठेवते. सासू कपाला हात लावत नाही, फक्त बशी एका बोटाने दोन इंच लांब सरकवते आणि पेपर वाचत राहते. सून तो कप उचलते तेव्हा चहा बशीत सांडतो. ‘सासूच्या भूमिकेत त्यांनी जरब आणली’ असं लिहू नका. ती बशी आणि ते एक बोट लिहा. ज्याने भाग पाहिला त्याला ते आठवेल, ज्याने पाहिला नाही त्याला दिसेल.

श्रेय-दोष देताना सुरुवातीची नामावली वाचा. कथाविस्तार, पटकथा आणि संवाद ही वेगवेगळी कामं आहेत आणि बऱ्याचदा वेगवेगळी माणसं करतात. ट्रॅक लांबला याचा राग संवादलेखकावर काढला जातो, तो अन्याय आहे. उलट, साचलेल्या ट्रॅकमध्येही एखादं वाक्य झणझणीत उतरलं असेल तर ते संवादलेखकाच्या नावावर जमा करा. पटकथालेखकाचं नाव बदललं की बऱ्याचदा महिनाभरात कथेची चाल बदलते. नामावलीचा फोटो काढून ठेवलात तर ते तुमच्या सगळ्यांआधी लक्षात येईल.

नागपुरात बसून लिहिता तर तुमच्याकडे एक गोष्ट अशी आहे जी पुण्या-मुंबईच्या लिहिणाऱ्यांकडे नाही: कान. ‘माझ्या नवऱ्याची बायको’तली राधिका नागपूरची, आणि ती भूमिका करणाऱ्या अनिता दाते मूळच्या नाशिकच्या. म्हणजे बोली शिकून बोलावी लागते. ती कितपत जमली, हे तुम्ही तपासू शकता. सगळ्यांत मोठी चूक ‘राहिली’ची होते. ‘काय करून राहिली गं?’ ‘भाजी चिरून राहिली.’ हे बरोबर, कारण काम आत्ता चालू आहे. पण संवादात ‘मी रोज सकाळी देवळात जाऊन राहिली’ आलं की समजा, लिहिणाऱ्याने वाक्याला नुसतं शेपूट लावलंय. नागपूरची बाई ‘रोज देवळात जाते’ असंच म्हणेल. दुसरी चूक ‘मले-तुले’ची. ते वऱ्हाडातल्या गावांकडे शोभतं. नागपूर शहरातल्या अनेक घरांत ‘मला’च म्हणतात आणि तरी ‘का’ऐवजीचं ‘काहून’ सुटत नाही. तिसरी ‘बे’ची. ‘बे’ दोस्ताला म्हणतात. मालिकेतला मुलगा वडिलांशी ‘बे’ लावून बोलला तर नागपुरातलं कुठलंही घर दचकेल. आणि स्वयंपाकघरातली आई एकदाच ‘सांबार निवडून दे’ म्हणाली आणि हातात कोथिंबिरीची जुडी दिसली, तर ते एक वाक्य दहा ‘काहून’वर भारी. ते कोणी लिहिलं ते शोधून नाव घेऊन कौतुक करा.

सणांचंही तसंच. नागपूरच्या घरात भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. पात्र ‘गौरी’ म्हणू लागलं तर घर नागपूरचं राहत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत असते, तीही दिसायला हवी. प्रवासही तपासा: नागपूरहून मुंबईला रेल्वेने रात्र जाते. संध्याकाळी निघालेली आई त्याच रात्री जेवणाला मुलाच्या दारात उभी असेल तर ती विमानाने आली हे कुठेतरी दाखवायला हवं.

राहिला प्रश्न तुमच्या वाचकांचा. काही ॲपवर पैसे भरणाऱ्यांना भाग टीव्हीच्या आधी दिसतो आणि अनेक घरांत दुसऱ्या दिवशी दुपारचं पुनःप्रक्षेपणच बघतात. म्हणून रात्रीचा भाग टीव्हीवर संपल्याशिवाय काही टाकू नका, आणि शीर्षकात निकाल देऊ नका. ‘अखेर सुनेने पत्र वाचलं’ असं नको. ‘मंगळवारचा भाग: कपाटासमोरचा प्रसंग’ असं लिहा, पहिल्या ओळीत भागाची तारीख, दुसऱ्या ओळीत ‘पुढे कथा उघड होते’ ही सूचना, आणि अंदाज सगळ्यांत खाली, वेगळ्या मथळ्याखाली, म्हणजे ज्यांना फक्त परीक्षण वाचायचं आहे ते तिथे थांबतील.