स्पीड भरपूर, तरी आवाज तुटका

इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनबद्दल आलेल्या पत्रांपैकी तीन प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या जिनिंगमध्ये सहा आयपी फोन आहेत. कापसाचा सीझन लागला की दुपारी बारा ते पाच आमचं बोलणं समोरच्याला तुटक ऐकू जातं. त्याचं आम्हाला साफ येतं. स्पीड टेस्ट ५० एमबीपीएस दाखवते. इंटरनेटवाले म्हणतात मोठा प्लॅन घ्या. घ्यावा का? (वणी, जि. यवतमाळ)

उत्तर : एवढ्यात घेऊ नका. निम्मं निदान तुमच्या पत्रातच आहे. तुमचा आवाज बिघडतो, त्यांचा नाही. म्हणजे खोट जाणाऱ्या वाटेत, अपलोडमध्ये आहे, आणि स्पीड टेस्टचा मोठा आकडा बहुधा डाउनलोडचा असतो.

आधी हिशेब पाहा. जी-७११ कोडेकवर (कोडेक म्हणजे आवाजाचे आकडे करण्याची पद्धत) फोन दर २० मिलिसेकंदांनी आवाजाचा एक तुकडा, म्हणजे पॅकेट, सोडतो, म्हणजे सेकंदाला ५०. इथरनेटचं वेष्टण धरून एका कॉलला दोन्ही दिशांना प्रत्येकी सुमारे ८७ केबीपीएस लागतात. सहाही फोन एकदम चालले तरी ५२५ केबीपीएसच्या आत काम भागतं. आवाजाला रुंद रस्ता नको, पॅकेट वेळेवर पोचायला हवं. स्पीड टेस्टचा एमबीपीएसचा आकडा ते सांगत नाही.

मोजायच्या गोष्टी तीन : किती पॅकेटं हरवली, पोचायला किती वेळ लागला, आणि तो वेळ किती मागंपुढं झाला. या शेवटच्याला जिटर म्हणतात. हरवण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आत, जिटर ३० मिलिसेकंदांच्या आत आणि एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलणं सुरळीत चालतं.

दुपारी साडेबाराला केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या उघडा. एकीतून स्वतःच्या राउटरला आणि दुसरीतून फोनसेवेच्या सर्व्हरला ६०० वेळा पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहा. दहा मिनिटं लागतात. तेच सकाळी सातला करा. राउटरचाच वेळ उड्या मारत असेल तर दोष आवारातला : वायफाय, ढिला जोड किंवा उंदरानं कुरतडलेली केबल. राउटर एक-दोन मिलिसेकंदांवर स्थिर, पण बाहेरचा आकडा सकाळी ३० आणि दुपारी ३००, असं दिसलं तर अपलोडची रांग तुंबते आहे.

आमचा पहिला संशय वजनकाट्यावरच्या आणि गेटवरच्या कॅमेऱ्यांवर आहे. हालचाल दिसली की चित्रण क्लाउडवर पाठवणारे कॅमेरे गाड्यांची रांग लागते तेव्हाच अपलोड भरून टाकतात. दहा मिनिटं त्यांचं क्लाउडवर जाणं थांबवा आणि परत मोजा. आकडा खाली आला तर चोर सापडला. आला नाही, आणि सकाळीही पॅकेटं हरवत असतील, तर दोन्ही वेळचे आकडे जोडून इंटरनेटवाल्यांकडे लेखी तक्रार करा.

एक इशारा. पिंग सेकंदाला एकदाच जातो, आवाज ५० वेळा, त्यामुळे छोटा झटका पिंगच्या नजरेतून सुटतो. खरा हिशेब ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या फोनच्या स्वतःच्या माहितीपानावर असतो. कॉल चालू असताना ते उघडा. फोन साधारण दर पाच सेकंदांनी एकमेकांना आरटीसीपी नावाचा, आवाज कसा पोचला याचा अहवाल पाठवतात. त्यात समोरच्याला तुमची किती पॅकेटं मिळाली नाहीत ते लिहिलेलं असतं, आणि तुम्हाला हवा आहे तो आकडा हाच. काही यंत्रं जिटर कच्च्या एककात दाखवतात. जी-७११ मध्ये आठ एककं म्हणजे एक मिलिसेकंद, म्हणून २४० दिसले तर घाबरू नका, ते ३० मिलिसेकंद झाले.

सरासरीवर मात्र विसंबू नका. दहा मिनिटांच्या कॉलमध्ये एका दिशेने ३०,००० पॅकेटं जातात. त्यातली ३०० हरवली की नुकसान एक टक्का. ती विखरून गेली तर फोन खाच भरून काढतो आणि कानाला फारसं कळत नाही. सलग गेली तर सहा सेकंद मुकाट, आणि नेमका भाव सांगण्याच्या वेळी! आकडा दोन्हीकडे तोच. शिवाय उशिरा आलेलं पॅकेट जिटर बफर (मागंपुढं आलेली पॅकेटं क्षणभर थांबवून ओळीत लावणारा फोनमधला साठा) टाकून देतो. ते नेटवर्कच्या खात्यात ‘पोचलं’ म्हणून जमा होतं, कानापर्यंत येत नाही. फोनमध्ये आरटीसीपी-एक्सआरची, म्हणजे त्याच अहवालाच्या विस्तारित रूपाची, सोय असेल तर ती सुरू करा, त्यात टाकलेली पॅकेटं आणि सलग झटके वेगळे दिसतात.

उपाय राउटरमध्ये आहे. मोजलेल्या अपलोडच्या ८५ ते ९० टक्क्यांवर एकूण मर्यादा लावा, म्हणजे रांग तुमच्याच राउटरमध्ये लागेल. मग ४६ क्रमांकाची डीएससीपी खूण (पॅकेटवरची प्राधान्याची चिठ्ठी) असलेल्या आवाजाच्या पॅकेटांना पहिला मान द्या. नुसता मान देऊन मर्यादा लावली नाही तर काहीच बदलत नाही, कारण रांग पुढच्या यंत्रात लागते आणि तिथं तुमची खूण कुणी पाहत नाही.

प्रश्न : आमच्याकडे व्हीसॅटवर (छोट्या तबकडीच्या उपग्रह जोडणीवर) फोन आहे. पडद्यावर एमओएस, म्हणजे आवाजाच्या दर्जाचा गुण, चार दिसतो, तरी दोघं एकदम बोलतात आणि स्वतःचाच आवाज परत येतो. (धारणी, मेळघाट)

उत्तर : हा अंतराचा परिणाम आहे. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो. वर जाऊन खाली यायलाच सुमारे २४० मिलिसेकंद जातात, बफर आणि कोडेकचा वेळ निराळा. मोठ्या प्लॅननं हे कमी होणार नाही. पलीकडचं केंद्रही व्हीसॅटवर असेल आणि कॉल हबमधून (उपग्रहसेवेच्या जमिनीवरच्या मुख्य केंद्रातून) जात असेल तर हा उशीर दुप्पट होतो, म्हणून त्या केंद्राला जमिनीवरची लाइन असेल तर तिथंच कॉल करा.

एमओएस हे मुळात ऐकणाऱ्यांनी एक ते पाचमध्ये दिलेल्या गुणांची सरासरी. पडद्यावरचा आकडा यंत्राचा अंदाज असतो, आणि काही यंत्रं त्यात उशीर धरतच नाहीत. कोडेकही पाहा : जी-७११ ची कमाल सुमारे ४.४, जी-७२९ ची सुमारे ४.१.

आवाज परत येतो तो बहुतेक वेळा पलीकडच्या स्पीकरमधून त्यांच्याच माइकमध्ये शिरून. त्यांना स्पीकर बंद करून रिसीव्हर कानाला लावायला सांगा.

प्रश्न : कॉल बरोबर अर्ध्या मिनिटानं तुटतो. तोवर आवाज उत्तम. (हिंगणघाट)

उत्तर : घड्याळ लावून पाहा, ३२ सेकंद भरतील. सिपमध्ये (इंटरनेट फोनचे कॉल जोडण्या-तोडण्याच्या नियमावलीत) फोन उचलल्याची पोच परत आली नाही, तर उचलणारं यंत्र ३२ सेकंद वाट पाहून कॉल सोडतं. राउटरमधली सिप-एएलजी ही सिपचे संदेश बदलणारी सोय पुष्कळदा पत्ते चुकीचे बदलते, म्हणून पोच भलतीकडे जाते. ती बंद करा, राउटर आणि फोन दोन्ही पुन्हा सुरू करा. तरी तुटत असेल तर फोन आपला १९२.१६८ नं सुरू होणारा आतला पत्ता बाहेर पाठवतो का, ते सेवा देणाऱ्याकडून तपासून घ्या.