वाचकांचे प्रश्न : वरून कोरडा दिसणारा बॉक्साइट

प्रश्न : शाहूवाडी भागातील बॉक्साइट आमच्या ट्रकांमधून घाट उतरून कोकणातील बंदरावर जातो. जहाज भरण्याआधी ढिगावर मोठ्या सरी पडल्या, म्हणून कप्तानाने माल घेण्यास नकार दिला. डब्यात माल घेऊन आपटून पाहिला, पाणी दिसले नाही, तरी त्यांनी प्रयोगशाळेचा नवा दाखला मागितला. ही अडवणूक नव्हे काय?
— एक वाहतूकदार, कोल्हापूर

उत्तर : आपले नुकसान झाले याची जाणीव ठेवूनही सांगावे लागते, की कप्तानाचा निर्णय योग्य होता. २ जानेवारी २०१५ रोजी ‘बल्क ज्युपिटर’ हे जहाज मलेशियातील क्वांतान बंदरातून सुमारे ४६,४०० टन बॉक्साइट घेऊन जात असताना व्हिएतनामजवळ बुडाले आणि १९ खलाशांपैकी फक्त एक वाचला. तो मालही पावसात भिजलेला होता.

बारीक खनिजाचे कण एकमेकांना टेकलेले असतात, तोवर ढीग घट्ट राहतो. समुद्रात जहाज डोलू लागले आणि इंजिनाची थरथर सुरू झाली, की कण दबत जातात, त्यांच्यामधली हवा निघून जाते आणि जागा कमी पडल्यामुळे पाण्याचा दाब वाढून कणांची एकमेकांवरची पकड सुटते. बॉक्साइटमध्ये याहून वेगळेही घडते : बारीक कण आणि पाणी वर येऊन पातळ गाळाचा थर साचतो, तो प्रत्येक हेलकाव्यासोबत एका बाजूला धावतो आणि जहाजाचा तोल जातो.

म्हणून आंतरराष्ट्रीय नियमावलीत, ज्या मालाचा असा प्रवाही गाळ होऊ शकतो, त्याच्यासाठी ओलाव्याची कमाल मर्यादा प्रयोगशाळेत ठरवून घ्यावी लागते. बारीक कणांचे प्रमाण जास्त असलेला बॉक्साइट आता याच गटात मोडतो. मालाचा प्रत्यक्ष ओलावा त्या मर्यादेच्या आत असल्याचा दाखला माल पाठवणाऱ्याने द्यायचा असतो. ओलाव्याची तपासणी जहाज भरण्याच्या जास्तीत जास्त सात दिवस आधीची असावी लागते आणि मध्ये जोराचा पाऊस झाला, तर ती पुन्हा करावी लागते. डबा आपटून पाहण्याची चाचणी उपयोगी आहे, परंतु एकाच दिशेने : पाणी सुटले तर माल थांबवावा, मात्र पाणी दिसले नाही एवढ्यावरून माल सुरक्षित ठरत नाही.

आपल्याकडच्या पावसात खरी काळजी खाणीवरच घ्यावी लागते. ढीग उताराच्या जागी घालावा, भोवती चर खणावा, ताडपत्री टाकावी, भिजलेला माल वेगळा ठेवावा. नमुने ढिगाच्या पोटातून आणि तळाकडूनही घ्यावेत, कारण वरचा थर उन्हाने लवकर सुकतो आणि पाणी खाली उतरते. जहाज भरताना सर आली, तर काम थांबवून झाकणे लावणे हाच उपाय आहे.

पुढच्या खेपेस दाखल्यावरील तपासणीची तारीख पाहून घ्या. त्यानंतर जोराचा पाऊस झाला असेल, तर ट्रक घाटाकडे सोडण्याआधीच पुरवठादाराकडे नव्या तपासणीचा आग्रह धरा.