वाचकांचे प्रश्न : सिंफनीतला ‘सा’ कुठे असतो?

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील संज्ञांविषयी सोलापुरातील वाचकांकडून आलेली काही पत्रे या अंकात घेतली आहेत. बहुतेक पत्रलेखकांचा पेटी, भजन किंवा बँड यांपैकी कशाशी तरी नित्याचा संबंध आहे. त्यामुळे उत्तरे देताना पट्टी, थाट आणि सरगम यांचाच आधार घेतला आहे.

जुळे सोलापूर भागातील भजनी मंडळात पेटी वाजवणारे एक वाचक विचारतात : सिंफनीच्या नावापुढे ‘जी मायनर’, ‘सी मेजर’ असे लिहिलेले असते. हे रागाचे नाव समजावे की पट्टीचे?

सिंफनी म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेली मोठी रचना. तिच्या नावापुढच्या या शब्दांत दोन गोष्टी एकत्र सांगितलेल्या असतात. ‘जी’ म्हणजे षड्ज कोणत्या सुरावर धरला आहे ते. आपल्या पेटीवर ती पांढरी पाच. ‘मेजर’ किंवा ‘मायनर’ म्हणजे त्या षड्जावर मांडलेला स्वरसमूह. मेजरचे स्वर बिलावल थाटाचे असतात. मायनर ढोबळमानाने आसावरी थाटाचा असतो. मात्र षड्जाकडे परतताना त्यात बहुधा कोमल निषादाऐवजी शुद्ध निषाद घेतात, त्यामुळे आपल्या कानाला तो पुष्कळदा कीरवाणीसारखा वाटतो. तरीही यांना राग म्हणता येणार नाही, कारण वादी-संवादी, पकड, चलन, गायनसमय यांतले काहीच मेजर-मायनरला लागू नाही.

खरा फरक पुढे आहे. आपल्याकडे तानपुरा जुळला की राग संपेपर्यंत षड्ज जागचा हलत नाही. पाश्चात्त्य रचनेत मात्र षड्ज हलवणे हेच रचनाकाराचे मोठे कौशल्य मानले जाते, आणि शीर्षकातील ‘जी मायनर’ फक्त मूळ पट्टी कोणती एवढेच सांगते. मग तानपुरा नसताना ऐकणाऱ्याला षड्ज कळतो कसा? तो कॉर्डमुळे, म्हणजे एकाच वेळी वाजवलेल्या तीन किंवा अधिक स्वरांमुळे कळतो. पेटीवर प, नी, रे हे तीन स्वर एकत्र दाबून धरावेत आणि मग सा, ग, प दाबावेत. पहिल्या जोडणीतला निषाद षड्जासाठी अडून बसलेला असतो आणि दुसरी जोडणी येताच कान निवांत होतो. या दोन जोडण्यांना अनुक्रमे डॉमिनंट आणि टॉनिक म्हणतात. रचनाकार हीच जोडी दुसऱ्या सुरावर उभी करतो, तेव्हा काही क्षणांत तो नवा सूर आपल्याला षड्ज वाटू लागतो. या बदलाला मॉड्युलेशन म्हणतात. माझ्या मते बाकीच्या निम्म्या संज्ञा या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

बाळीवेस येथील एक वाचक लिहितात : मोझार्टची 40 वी सिंफनी मोबाइलवर ऐकली. सुरुवात ओळखीची वाटली, पण स्थायी-अंतरा काही सापडेना. मध्येच संगीत थांबून वेगळेच काही सुरू होते. हे ऐकावे कसे?

सुरुवात ओळखीची वाटणारच, कारण सलील चौधरी यांनी 1961 च्या ‘छाया’ चित्रपटातील ‘इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा’ या गाण्याचा मुखडा त्याच सुरांवरून बांधला आहे. पांढरी पाचला षड्ज मानून कोमल ध, प, प असे तीनदा घेऊन तारसप्तकातील कोमल गंधारावर उडी घेतली की ती सुरावट हाती लागते.

संगीत मध्येच थांबते याचे कारण असे की सिंफनी ही बहुधा चार स्वतंत्र भागांची असते आणि अशा प्रत्येक भागाला मूव्हमेंट म्हणतात. 1788 सालच्या या सिंफनीत पहिला भाग द्रुत, दुसरा संथ, तिसरा तीन मात्रांच्या मिन्युएट या नृत्यप्रकारातला आणि चौथा पुन्हा द्रुत आहे. अलेग्रो, अँडान्टे वगैरे इटालियन शब्द लयीचे आहेत; विलंबित-मध्य-द्रुत जाणणाऱ्याला त्यांची अडचण पडू नये.

स्थायी-अंतऱ्याच्या जागी पहिल्या भागात जी बांधणी आहे तिला सोनाटा फॉर्म म्हणतात. तिच्यात दोन सुरावटी आधी मांडल्या जातात, मग त्यांची मोडतोड करून त्या निरनिराळ्या पट्ट्यांतून फिरवल्या जातात आणि शेवटी दोन्ही पुन्हा ऐकवल्या जातात. या तीन टप्प्यांना एक्स्पोझिशन, डेव्हलपमेंट आणि रिकॅपिट्युलेशन अशी नावे आहेत. पण नावे पाठ करण्यापेक्षा दुसऱ्या सुरावटीवर लक्ष ठेवणे अधिक उपयोगाचे आहे. पहिली सुरावट जी मायनरमध्ये संपल्यावर किंचित विराम येतो आणि दुसरी सुरावट बी फ्लॅट मेजरमध्ये, म्हणजे काळी पाचला षड्ज मानून येते. पेटीवर पाहिले तर पांढरी पाचच्या आसावरीचे सात स्वर आणि काळी पाचच्या बिलावलचे सात स्वर तेच आहेत, फक्त षड्ज सरकला आहे. मूर्च्छनेची कल्पना ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. भागाच्या शेवटी हीच दुसरी सुरावट परत येते तेव्हा मोझार्ट तिला काळी पाचवर जाऊ देत नाही, तर मूळ जी मायनरमध्येच ठेवतो, आणि आधी मोकळी वाटलेली तीच चाल आता खिन्न वाटते. हा बदल कानाला जाणवला की सोनाटा फॉर्म कळला असे समजावे. पहिला भाग सात-आठ मिनिटांचाच आहे. तेवढाच पुनःपुन्हा ऐकावा, सबंध सिंफनी एका बैठकीत संपवण्याची घाई करू नये.

याच वाचकांचा दुसरा प्रश्न : ‘ओपस 67’, ‘के 550’ हे आकडे कसले? आणि मुंबईत कार्यक्रमाला गेल्यास टाळ्या कधी वाजवाव्यात?

ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक, आणि तो बहुतांशी प्रकाशनाच्या क्रमाने पडलेला असतो. ओपस 67 ही बेथोव्हनची पाचवी सिंफनी. मोझार्टच्या पुष्कळ रचना त्याच्या हयातीत प्रसिद्धच झाल्या नाहीत, म्हणून कोखेल या अभ्यासकाने 1862 मध्ये केलेल्या सूचीचा क्रमांक ‘के’ अक्षरापुढे लिहितात. सूचीतला 550 हा क्रमांक वर उल्लेखिलेल्या सिंफनीचा आहे.

मुंबईच्या एन.सी.पी.ए. (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या संस्थेत 2006 पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा वाद्यवृंद आहे. तेथे आणि इतरत्रही आजचा रिवाज असा की मूव्हमेंटच्या मधे टाळ्या वाजवत नाहीत, सर्व भाग संपल्यावरच वाजवतात. जागेवर ‘वाहवा’ देणाऱ्या आपल्या श्रोत्याला हे जड जाईल. परंतु हा नियम मोझार्टच्या काळातला नव्हे. पॅरिसमध्ये आपल्या सिंफनीच्या ऐन मध्यावर श्रोत्यांनी टाळ्या दिल्याचे त्याने 1778 च्या पत्रात वडिलांना आनंदाने कळवले होते.

पूर्व भागातील यंत्रमागधारक कुटुंबातील एक वाचक विचारतात : हार्मनी आणि काउंटरपॉइंट यांत फरक काय? एक ताणा आणि दुसरा बाणा, असे म्हणता येईल का?

म्हणता येईल, पण थोडे जपून. एका क्षणी एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा उभा संबंध म्हणजे हार्मनी, आणि दोन किंवा अधिक सुरावटी आपापल्या वाटेने आडव्या चालत राहणे म्हणजे काउंटरपॉइंट. कापडात ताणा आणि बाणा वेगवेगळे भरावे लागतात. येथे मात्र आडव्या सुरावटींतूनच उभा संबंध आपोआप तयार होतो आणि तो कर्कश होऊ नये याची काळजी रचनाकाराला प्रत्येक स्वरागणिक घ्यावी लागते.

याचे कसोटीचे रूप म्हणजे फ्यूग. बाखने 1722 मध्ये बाराही पट्ट्यांतील मेजर आणि मायनर मिळून 24 जोड-रचनांचा, म्हणजे प्रत्येकी एक प्रिल्यूड (आरंभीची रचना) आणि एक फ्यूग यांचा, संग्रह तयार केला. त्यातील सी मायनर फ्यूग तीन आवाजांचा आहे. पहिला आवाज एकट्याने सा, मंद्र नी, सा, मंद्र प अशा स्वरांनी सुरू होणारी छोटी चाल म्हणतो. मग दुसरा आवाज तीच चाल, थोडा फेरफार करून, पंचमाच्या पट्टीत म्हणू लागतो आणि पहिला न थांबता तिच्याभोवती वेगळे काही गुंफत राहतो. काही वेळाने तिसरा आवाज खर्जात ती चाल मूळ पट्टीत उचलतो. ऐकताना तिन्ही आवाज एकदम धरण्याचा अट्टहास नको, चाल कोणत्या आवाजात शिरली एवढेच शोधत जावे.

लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे एक वाचक विचारतात : नोटेशनमध्ये ‘सी’ लिहिलेला असतो, आम्ही ‘सी’च वाजवतो, पण पेटीवाला म्हणतो की काळी पाच वाजली. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. आपला ट्रम्पेट बी फ्लॅट जातीचा आहे, म्हणजे त्यावर ‘सी’ म्हणून वाजवलेला सूर प्रत्यक्षात बी फ्लॅट, अर्थात काळी पाच, असा ऐकू येतो. क्लॅरिनेटही बहुधा याच जातीची असते. अशा वाद्यांना ट्रान्स्पोझिंग वाद्ये म्हणतात. ऑर्केस्ट्रात रचनाकार किंवा नकलनवीस प्रत्येक वादकाचा कागद त्या हिशोबाने आधीच बदलून देतो, बँडमध्ये तो हिशोब वादकालाच करावा लागतो. पेटीवाला पांढरी एकला षड्ज धरणार असेल तर ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट यांनी ‘डी’पासून सुरुवात करावी, आणि बँडमध्ये ई फ्लॅट जातीचा आल्टो सॅक्सोफोन असल्यास त्याने ‘ए’पासून.