सीमेपलीकडचं घर खरंच स्वस्त पडतं का?

प्रश्न: शेजारच्या राज्यात तेवढंच घर २० टक्के कमी किमतीत मिळतंय. घ्यावं का?

उत्तर: ‘तेवढंच’ म्हणजे किती, ते आधी तपासा. चटईक्षेत्राची (घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेची) तुलना चटईक्षेत्राशीच करा. सुपर बिल्टअप क्षेत्रात जिना आणि लिफ्टची सामायिक जागाही धरलेली असते, आणि बहुतेकांचं गणित तिथेच फसतं. मग मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी. दर राज्यागणिक वेगळे, शिवाय ही रक्कम सहसा कर्जात बसत नाही, रोख ठेवावी लागते. त्यानंतर दरमहाचा हिशेब: हप्ता, मालमत्ता कर, विमा, देखभाल आणि कामावर जाण्यायेण्याचा खर्च (हा हमखास विसरतात). शेवटी दोन्हीकडे किमतीला त्याच घराच्या वार्षिक भाड्याने भागा. जिथे आकडा लहान, तिथे भाड्यापेक्षा खरेदी जास्त परवडते.