जालन्यात दोन एकरांवर सेंद्रिय वाइनद्राक्षे घ्यावीत का?
जालना जिल्ह्यातील २ एकरांवर सेंद्रिय वाइनद्राक्षे लावून पुढे स्वतःची छोटी वायनरी काढावी का, असे आपण विचारले आहे. याच जिल्ह्यातील कडवंचीसारखे गाव शेततळ्यांच्या बळावर द्राक्षे पिकवते, तेव्हा पीक येईल का ही शंका नको. खरी कसोटी ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर लागते, कारण परतीचा पाऊस लांबला की कोवळ्या फुटीवर केवडा हा बुरशीजन्य रोग येतो आणि सेंद्रिय बागेत बोर्डो मिश्रणासारख्या, रोग शिरण्याआधीच फवारायच्या तांबेयुक्त औषधांवरच मुख्य भिस्त ठेवावी लागते. भुरी या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाला गंधक चालते. तो त्रास मला तुलनेने किरकोळ वाटतो. भारी काळ्या जमिनीत मात्र निचऱ्याची सोय आधी करावी. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी बहुवर्षीय पिकाला साधारणपणे ३ वर्षांचा रूपांतरकाळ, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळण्याचा काळ, लागतो. शिराझ किंवा शेनिन ब्लां या वाइनद्राक्षांच्या जातींचे बारीक, बियांचे मणी खाण्याच्या बाजारात खपत नाहीत, म्हणून लागवडीपूर्वीच एखाद्या वायनरीशी लेखी करार करावा. ७५० मिलीच्या बाटलीला सुमारे १ ते सव्वा किलो द्राक्षे लागतात. स्वतःच्या वायनरीला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना आणि थंड टाक्यांचा मोठा खर्च असल्याने, सुरुवातीची काही वर्षे फक्त द्राक्षेच विकावीत, असे माझे मत आहे.