आधी कान, मग कॅमेरा

मीडियाच्या पहिल्या वर्षाला व्हिडिओचं काम कुठून सुरू करू, असं तू विचारलंस, आणि त्यात 'कोणता कॅमेरा घेऊ' हे तीनदा आलंय. सध्या घेऊच नकोस. कॉलेजच्या विभागातून मिळेल तो चालव, नाहीतर हातातला फोन आहेच.

पहिल्या वर्षाचं काम बहुतेक वेळा आवाजावर आपटतं. थोडं हललेलं चित्र लोक चालवून घेतात, पण बोलणं नीट ऐकू आलं नाही तर पुढे बघतच नाहीत. म्हणून माइक बोलणाऱ्याच्या जवळ ठेव, रेकॉर्डिंग चालू असताना हेडफोन कानावरच असू दे, आणि निघण्यापूर्वी त्या जागेची नुसती शांतता ३० सेकंद रेकॉर्ड कर. एडिटिंगला बसलीस की तिची किंमत कळेल, बोलण्यातल्या कापलेल्या जागा तिनेच भरतात. माझी पहिली मुलाखत पंख्याच्या घरघरीत बुडाली होती. प्रश्न मात्र झकास होते!

बाकी नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- शॉट २ सेकंदांत तोडणं. मनात १० मोज, मग थांबव.
- 'हो' किंवा 'नाही'वर संपणारे प्रश्न. 'त्या दिवशी काय झालं?' असं विचार.
- फुटेज एकाच मेमरी कार्डावर ठेवणं. दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही.

कलर ग्रेडिंग (म्हणजे चित्राचे रंग जुळवणं), लेन्स वगैरे पुढच्या वर्षी बघू. स्पर्धांचंही तसंच. आधी ३ मिनिटांचं एक काम पूर्ण कर, वर्गाबाहेरच्या कुणाला तरी दाखव आणि तो नेमका कुठे कंटाळतो ते गुपचूप बघ. कॅम्पस रेडिओला माणसं हवी असतील तर आजच नाव दे, दर आठवड्याची डेडलाइन मिळते. पहिलं काम झालं की पाठव, ऐकतो.