नवं यंत्र नको, एक बिघाड निवड

प्रिय पोरी,

तुझं पत्र नीट वाचलं. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्टचा विषय अजून ठरलेला नाही, घरी एमपीएससीचा आग्रह आणि तुझ्या मनात मात्र फिलिप्स, सोनी, तोशिबा यांच्या प्रयोगशाळा. तिथे शोध कसे लागतात आणि रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातून निघालेल्या मुलीला तिथवर जाता येईल का, असं तू विचारलंस. पहिलं कळलं की दुसऱ्याचं उत्तर तुझं तुलाच सापडेल.

मी फिलिप्सबद्दल लिहितो, कारण त्या प्रयोगशाळेचा इतिहास मी सगळ्यात जास्त वाचला आहे. ही कंपनी १८९१ साली नेदरलंड्समधल्या आइंडहोवन गावी बल्ब बनवायला निघाली. त्या काळात त्या देशात पेटंटचा कायदाच नव्हता, त्यामुळे दुसऱ्याचा शोध वापरायला कुणाची आडकाठी नव्हती. १९१२ला कायदा लागू झाला आणि आपले स्वतःचे शोध असल्याशिवाय धंदा टिकणार नाही, हे कंपनीला कळून चुकलं. दोनच वर्षांत, १९१४ साली, तिने भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा काढली. नाव नॅटलॅब, प्रमुख खिलेस होल्स्ट. हा होल्स्ट लायडनला कामर्लिंग ओनेस या भौतिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली तयार झालेला. १९११ साली पाऱ्यातली अतिवाहकता, म्हणजे अतिथंड पाऱ्यातून वीज विनाअडथळा वाहणं, ज्या मोजमापांतून उघड झाली, ती त्यानेच केली होती.

आता इथून पुढे लक्ष देऊन वाच. पहिल्या महायुद्धात बाहेरून येणाऱ्या क्ष-किरण नळ्या बंद झाल्या. दवाखाने फुटक्या, बिघडलेल्या नळ्या घेऊन फिलिप्सकडे आले, कारण काच फुंकणं आणि निर्वात करणं तिथल्या माणसांच्या हातात होतं. आधी दुरुस्ती झाली. दुरुस्ती करताना नळी कुठे आणि का मरते ते दिसू लागलं, मग स्वतःच्या नळ्या आल्या, आणि १९२०च्या दशकात अल्बर्ट बाउवर्सची मेटॅलिक्स नळी आली, जिने क्ष-किरणांपासून बचावाची सोय नळीतच केली. क्ष-किरण यंत्रांचा एवढा मोठा व्यवसाय दुरुस्तीच्या टेबलावर सुरू झाला.

नॅटलॅबमधल्या बर्नार्ड टेलेगेनचं तेच. त्या वेळच्या चार विद्युताग्रांच्या रेडिओ व्हॉल्व्हमध्ये एक खोड होती: अ‍ॅनोडवर आपटलेले इलेक्ट्रॉन तिथून दुसरे इलेक्ट्रॉन उडवायचे, ते शेजारच्या जाळीकडे पळायचे आणि आवाज बिघडायचा. टेलेगेनने १९२६ साली मध्ये आणखी एक जाळी घातली आणि त्या पळपुट्यांना परत फिरवलं. हाच पेंटोड. पुढे कित्येक वर्षं घराघरांतल्या रेडिओत तो होता.

तिसरी गोष्ट तर तुझ्या हाताशी आहे. एखादा जुना मोबाइल चार्जर उघड. आत छोटा ट्रान्सफॉर्मर दिसेल, त्याचा गाभा काळसर, मातीच्या भांड्यासारखा ठिसूळ. तो फेराइट. लोखंडाचा गाभा जास्त वारंवारतेला चालत नाही, कारण लोखंड स्वतःच वीज वाहून नेतं. त्यात भोवरे प्रवाह, म्हणजे गोल गोल फिरणारे विजेचे प्रवाह, तयार होतात आणि गाभा तापतो. लोहाच्या काही ऑक्साइडांत चुंबकत्व असतं, पण वीज जवळजवळ वाहत नाही. हे जपानमध्ये काटो आणि ताकेई यांनी १९३०च्या सुमारास दाखवलं, आणि त्यावरच टीडीके कंपनी १९३५ साली उभी राहिली. मान पहिला त्यांचाच. नॅटलॅबमधल्या स्नूकने मग वर्षानुवर्षं एकच प्रश्न धरून ठेवला: अजूनही जी ऊर्जा वाया जाते ती नेमकी कशामुळे? मॅंगनीज, जस्त, निकेल यांची प्रमाणं बदलत, मोजत, तो चांगल्या फेराइटपर्यंत पोचला. आज शेतातल्या सोलर पंपाच्या कंट्रोलरमध्येही त्याच जातीचे गाभे बसलेले असतात.

आणि नॅटलॅबमधला भौतिकशास्त्रज्ञ कासिमिर! मला हा प्रसंग सगळ्यांत जास्त आवडतो. द्रवात तरंगणाऱ्या बारीक कणांवर त्या प्रयोगशाळेत काम चाललं होतं, कारखान्याला उपयोगी पडेल असं. तिथल्याच ओव्हरबेकच्या लक्षात आलं की कण एकमेकांपासून लांब असताना मोजमापं सिद्धांताशी जुळत नाहीत. त्याने ती विसंगती झाकली नाही, कासिमिरपुढे ठेवली. त्यातून कासिमिर आणि पोल्डर यांचं १९४८चं काम झालं, आणि त्याच वर्षी कासिमिरने सांगितलं की निर्वात पोकळीत दोन धातूच्या पट्ट्या अगदी जवळ आणल्या तर त्या एकमेकींकडे ओढल्या जातात. १९९७ साली लामोरो या भौतिकशास्त्रज्ञाने ते नेमकेपणाने मोजून दाखवलं. न जुळणाऱ्या एका मोजमापातून माणूस रिकाम्या अवकाशाच्या गुणधर्मापर्यंत पोचला.

म्हणून तुझ्या यादीतले ते तीन प्रोजेक्ट, म्हणजे चेहरा ओळखणारा दरवाजा, आवाजावर चालणारा पंखा आणि स्मार्ट कचरापेटी, तिन्ही सोड असं मी स्पष्ट सांगतो. ते बाजारात मिळणारे सुटे भाग जोडून होतात. त्यात कुणाची अडचण नाही आणि तुला न कळलेलं असं काही नाही.

तुझ्या गावात मोटारी जळतात. वायंडिंगच्या दुकानासमोर रांगेने पडलेल्या मोटारी तू लहानपणापासून पाहते आहेस. थ्री फेज लाईट येते तेव्हा सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात, डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, ताण येतो, व्होल्टेज पडतं. ४१५ व्होल्टच्या जागी ३४० मिळाले आणि मोटारीने तेवढंच पाणी उपसायचं म्हटलं, तर प्रवाह साधारण वीस टक्क्यांनी वाढतो आणि तारेतली उष्णता जवळपास दीडपट होते. एखादी फेज गेली तर हाल विचारूच नको. त्यात आपला मे महिना. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. पण हा ठोकताळा आहे. पत्र्याच्या स्टार्टरपेटीत, उन्हात, दुपारी खरं तापमान किती असतं आणि मोटार जळण्याआधीच्या पंधरवड्यात प्रवाह कसा वागतो, हे तुझ्या शिवारापुरतं तू मोजू शकतेस. हाच प्रोजेक्ट कर.

सुरुवात वायंडिंगच्या दुकानात बसून कर. कॉलेजला हे आवडेल न आवडेल, मार्गदर्शकांशी मी बोलेन. आलेली प्रत्येक मोटार कोणत्या हॉर्सपॉवरची, कुठल्या डीपीवरची, एकाच फेजची गुंडाळी जळाली की तिन्ही, सोबत ऑटो (लाईट आली की मोटार आपोआप सुरू करणारा स्विच) होता का, हे लिही. एका फेजची गुंडाळी सुरक्षित आणि बाकी दोन काळ्या, हे फेज गेल्याचं लक्षण असू शकतं; कारागिराला ते पाहताक्षणी कळतं. त्या माणसाकडून शिक, त्याचं नाव अहवालात घाल.

वही बांधीव घे, पानांना क्रमांक टाक, तारीख रोज घाल, पान फाडू नकोस. न जुळणारी नोंद खोडू नकोस, तिच्याभोवती गोल कर.

पेटंटबद्दल विचारलंस, तर एवढं लक्षात ठेव: खरंच काही नवं हाती लागलं तर आधी अर्ज, मग प्रदर्शन. प्रोजेक्ट प्रदर्शनात मांडून झाल्यावर नावीन्याचा दावा अडचणीत येतो. आधी तात्पुरतं विवरण, म्हणजे शोधाची प्राथमिक माहिती, दाखल करता येतं आणि पूर्ण विवरणासाठी १२ महिने मिळतात.

पुढे मोठ्या कंपनीत मुलाखतीला बसशील तेव्हा तूही त्यांना विचार, की संशोधनाचा विषय कोण ठरवतं. चिपवर नक्षी उतरवणारं स्टेपर यंत्र नॅटलॅबमध्येच घडत होतं, पण कंपनीचं मन त्यात कधी पूर्ण रमलं नाही; १९८४ साली ते एएसएमएल या वेगळ्या कंपनीत गेलं, आणि आज जगातल्या सर्वांत प्रगत चिप त्या कंपनीच्या यंत्रांशिवाय बनत नाहीत. चांगली प्रयोगशाळा असणं एक, तिचं ऐकणारी कंपनी असणं दुसरं. गेट परीक्षेची तयारी चालू ठेव, त्यावर वेगळं काय लिहायचं.

वडिलांना माझा निरोप सांग: वर्षभर पोरीला मोजू द्या, मोटारींचा खर्च कुठे जातो ते तुम्हालाही कळेल. चालू पेटी एकटीने उघडायची नाही, ४१५ व्होल्ट आहेत. वायरमन किंवा दादा सोबत हवाच. क्लॅम्प मीटर (तार न कापता प्रवाह मोजणारं) ट्रू आरएमएसचं, म्हणजे वेडावाकडा प्रवाहही बरोबर मोजणारं घे, स्वस्तातलं नको, पैशांची अडचण असेल तर माझ्याकडचं घेऊन जा. पहिल्या महिन्याच्या नोंदी जशा असतील तशा पाठव, आणि पेटीच्या आतलं व बाहेरचं तापमान वेगवेगळ्या रकान्यांत लिही.

तुझा,
सर